हॅशकॅट: एरर देतं तेव्हा ठीक, गप चालतं तेव्हा सांभाळा

पणजी आणि आसपासच्या छोट्या ऑफिसांचं नेटवर्क सांभाळायचं काम करतो, त्यात हॉटेलं आली, क्रेडिट सोसायट्या आल्या, एकदोन कॉलेजं आली, आणि हल्ली यातले बरेच जण पासवर्ड ऑडिट करून मागतात, म्हणजे स्टाफने ठेवलेले पासवर्ड खरंच किती टिकतात ते तपासून रिपोर्ट द्यायचा. या कामासाठी माझं रोजचं टूल म्हणजे हॅशकॅट. सिस्टिम पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचा हॅश, म्हणजे परत उलटवता न येणारी अक्षरांची माळ, ठेवते, आणि हॅशकॅट एकेक अंदाज हॅश करून त्याच्याशी जुळतो का ते बघतं. नवीन पोरं सिंटॅक्सवर अडतात आणि टूललाच शिव्या घालून मोकळी होतात, म्हणून हा रिव्ह्यू, आणि मुद्दाम फक्त कमांड लाइनच्या बाजूने लिहितोय, स्पीडच्या आकड्यांचे तक्ते कुठेही मिळतात.

निकाल आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार स्टार. फुकट आहे, डिसेंबर २०१५ पासून एमआयटी लायसन्सखाली ओपन सोर्स आहे, येन्स स्टॉइबे म्हणजे 'ॲटम' नावाने ओळखला जाणारा माणूस आणि त्याची टीम इतकी वर्षं ते सांभाळतेय, विंडोज लिनक्स मॅक सगळीकडे चालतं, ग्राफिक्स कार्ड अक्षरशः पिळून घेतं. अर्धा स्टार कापला तो एरर मेसेजच्या कंजूसपणासाठी. 'टोकन लेंग्थ एक्सेप्शन' एवढंच म्हणून गप्प बसतं, लांबी किती हवी होती आणि किती मिळाली हे सांगितलं असतं तर निम्म्या लोकांचा निम्मा वेळ वाचला असता असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट आधी. हे सगळं लेखी परवानगी असलेल्या कामासाठीच. ज्याच्या सिस्टिमचे हॅश आहेत त्याच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यासकट पत्र असल्याशिवाय मी फाइल हातात घेत नाही, आयटी ॲक्ट २००० ची कलमं ४३ आणि ६६ आहेत, ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर पाच लाखांपर्यंत दंड नाहीतर दोन्ही. मित्राचा आहे, गंमत म्हणून बघतो, असलं काही चालत नाही.

आणि कमांड इथे मी बोलताना म्हणतो तशा लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि साधे आकडे.

तर कमांडचा सांगाडा असा: हॅशकॅट, मग ऑप्शन, मग हॅशची फाइल, आणि सगळ्यात शेवटी शब्दांची यादी किंवा मास्क, म्हणजे पासवर्डच्या कुठल्या जागी कुठल्या प्रकारचं चिन्ह येईल त्याचा साचा. ऑप्शनमध्ये दोन महत्त्वाचे, -एम म्हणजे हॅश कुठल्या प्रकारचा आणि -ए म्हणजे हल्ला कुठल्या प्रकारचा. -एम ० म्हणजे एमडी५, १०० म्हणजे शा-१, १००० म्हणजे विंडोजचा एनटीएलएम, १८०० म्हणजे लिनक्सचा शा-५१२-क्रिप्ट, ३२०० म्हणजे बीक्रिप्ट. -ए ० म्हणजे सरळ यादी, ३ म्हणजे मास्क, ६ म्हणजे यादीतला शब्द आणि त्याच्यामागे मास्क, ७ म्हणजे आधी मास्क मग शब्द. एवढं डोक्यात बसलं की नव्वद टक्के कमांड वाचता येतात.

पहिली अडचण क्रमाची. आमच्याकडे इंटर्नशिपला एक मुलगी होती, फोंड्याहून यायची, हुशार एकदम. एके दिवशी तिच्या स्क्रीनवर ओळींवर ओळी धावत होत्या आणि ती म्हणाली, "सर, हॅशची फाइल खराब दिलीय त्यांनी, प्रत्येक लाइनला टोकन लेंग्थ म्हणतंय." मी कंट्रोल-सी मारून वर स्क्रोल करून पहिली ओळ बघितली, त्यात फाइलचं नाव होतं रॉकयू, लाइन नंबर १, आणि कंसात १२३४५६, पुढे टोकन लेंग्थ एक्सेप्शन. दुसऱ्या ओळीच्या कंसात १२३४५. म्हटलं, "अगो, कंसात काय लिहिलंय ते वाच, हे हॅश आहेत का?" तिने दोन सेकंद बघितलं आणि स्वतःच म्हणाली, "यादी आधी दिली." झालं. रॉकयू म्हणजे डिसेंबर २००९ मध्ये त्या नावाच्या कंपनीतून फुटलेल्या पासवर्डांची यादी, साधारण १ कोटी ४३ लाख वेगवेगळे पासवर्ड, आणि पहिला नंबर १२३४५६ चा. हॅशकॅटने ती यादीच हॅश समजून वाचायला घेतली होती. मला या एररमधला हा भाग फार आवडतो, कारण कुठली फाइल, कितवी ओळ आणि ओळीत काय सापडलं हे तिन्ही तिथे लिहिलेलं असतं, फक्त लोक शेवटचे तीन शब्द वाचून गूगल करायला धावतात.

टोकन लेंग्थ म्हणजे एवढंच की -एम मध्ये सांगितलेल्या प्रकाराला जेवढी लांबी लागते तेवढी या ओळीची नाही. एमडी५ ला ३२ अक्षरं लागतात, शा-१ ला ४०, शा-२५६ ला ६४. म्हणून आधी मोजा. बरोबर ३२ असूनही तीच एरर येत असेल तर ओळीत आणखी काहीतरी शिरलेलं आहे, बऱ्याचदा मागे राहिलेली स्पेस किंवा पुढे असलेलं युजरनेम. हॅशच्या आधी युजरनेम आणि कोलन असेल तर डबल हायफन युजरनेम हा ऑप्शन द्यायचा, मग पहिल्या कोलनपर्यंतचं ते सोडून देतं. 'सेपरेटर अनमॅच्ड' म्हणालं तर तुकडे पाडायला जे चिन्ह अपेक्षित होतं ते जागेवर नाही. 'सिग्नेचर अनमॅच्ड' म्हणालं तर सुरुवातीची खूण, म्हणजे डॉलर ६ डॉलर वगैरे, त्या मोडशी जुळत नाही. झिप किंवा ऑफिसच्या फाइलवरून जॉन द रिपर या दुसऱ्या पासवर्ड फोडायच्या प्रोग्रामबरोबर येणाऱ्या छोट्या टूलने हॅश काढून इकडे दिला की हे हमखास होतं, कारण जॉनचं टूल ओळीच्या सुरुवातीला फाइलचं नाव आणि कोलन लावून देतं, जॉनला ते चालतं, हॅशकॅटला चालत नाही, तेवढा भाग काढून टाकला की गाडी पुढे.

आता शेल, म्हणजे आपण टाइप केलेली कमांड आधी वाचून मग टूलकडे देणारा प्रोग्राम. बहुतेक लोक ज्याला हॅशकॅटची एरर म्हणतात ती हॅशकॅटची नसतेच, त्याच्यापर्यंत कमांड पोचण्याआधीच शेलने तिचं काहीतरी केलेलं असतं. सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे मास्क. चार आकडी पिनचा मास्क म्हणजे प्रश्नचिन्ह डी चार वेळा, आणि प्रश्नचिन्ह हे शेलसाठी 'कुठलंही एक अक्षर' असा फाइल शोधायचा इशारा असतो. काली, म्हणजे सिक्युरिटीच्या कामासाठीचं लिनक्स, त्यात २०२०.४ व्हर्जनपासून डिफॉल्ट शेल झेडशेल आहे आणि झेडशेल तशी फाइल सापडली नाही की 'नो मॅचेस फाउंड' म्हणून तिथेच थांबतो, हॅशकॅट सुरूसुद्धा होत नाही. बॅशमध्ये तेच चालून जातं कारण फाइल सापडली नाही तर बॅश मास्क जसाच्या तसा पुढे ढकलतो, म्हणून कॉलेजच्या लॅबमध्ये चाललेली कमांड घरच्या कालीवर चालत नाही आणि पोरं म्हणतात व्हर्जनचा प्रॉब्लेम आहे. व्हर्जनचा नाही हो, मास्कला सिंगल कोट लावा, दोन्हीकडे चालेल.

डॉलरचं तर त्याहून वाईट, कारण तिथे शेल काही बोलतच नाही. बीक्रिप्टचा हॅश डॉलर २वाय डॉलर १० डॉलर असा सुरू होतो, तो फाइलमध्ये न ठेवता थेट कमांडमध्ये डबल कोटात टाकला की बॅश डॉलर २ ला व्हेरिएबल समजतो, ते रिकामं असतं म्हणून गायब, डॉलर १० मधलं डॉलर १ गायब, आणि हॅशकॅटच्या हातात 'वाय०' ने सुरू होणारं काहीतरी भलतंच पडतं. सिंगल कोट लावला तर प्रश्नच नाही. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये मात्र उलटं, तिथे सिंगल कोटला कोट म्हणून किंमतच नाही, तिथे डबलच लागतो. म्हणून माझा आग्रह असा की हॅश कधी कमांडमध्ये लिहूच नये, फाइलमध्ये ठेवावा आणि फाइलचं नाव द्यावं, एक अख्खी कटकट संपते.

फाइलचीही एक भानगड आहे, विंडोजवाल्यांसाठी. विंडोजबरोबर येणारं पॉवरशेल ५.१ बाणाचं चिन्ह वापरून फाइल लिहितं तेव्हा ती यूटीएफ-१६ मध्ये लिहितं, नोटपॅडमध्ये उघडली तर फाइल छान दिसते, ३२ अक्षरं मोजून बरोबर, आणि हॅशकॅट म्हणतं टोकन लेंग्थ. प्रत्येक अक्षराबरोबर एक शून्य बाइट चिकटलेला असतो, दिसत नाही एवढंच. नोटपॅडमध्येच सेव्ह ॲज करून एन्कोडिंगला यूटीएफ-८ निवडा, ज्यात बीओएम लिहिलंय ते नको, साधं. विंडोजवर आणखी एक, हॅशकॅट त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये जाऊनच चालवायचं, बाहेरून पूर्ण पाथ देऊन चालवलं तर ओपनसीएलचं फोल्डर सापडत नाही म्हणून तक्रार करतं.

आणि व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून कमांड कॉपी करणं बंद करा, प्लीज. दोन छोट्या हायफनची एक लांब रेघ होते, सरळ कोटांचे वाकडे कोट होतात, डोळ्याला फरक कळत नाही, आणि हॅशकॅट त्या रेघेला फाइलचं नाव समजून शोधत बसतं. कमांड पाठवायचीच असेल तर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पाठवा.

छोटा ओ आणि कॅपिटल ओ याच्यावर वेगळं लिहायला हवं. कॅपिटल ओ म्हणजे ऑप्टिमाइझ्ड कर्नल, स्पीड वाढतो. छोटा ओ म्हणजे निकाल कुठल्या फाइलमध्ये लिहायचा. कॅपिटलच्या जागी छोटा पडला की त्याच्या पुढचा शब्द, म्हणजे बहुतेक वेळा तुमची हॅशची फाइल, ही निकालाची फाइल समजली जाते, मग शब्दांची यादी ही हॅशची फाइल होते, आणि यादीच्या जागी काहीच उरत नाही. एका शिफ्ट कीमुळे तिन्ही गोष्टी एकेक घर सरकतात. यादीच द्यायची राहिली तर ते 'स्टार्टिंग ॲटॅक इन एसटीडीइन मोड' असं म्हणून कीबोर्डकडून शब्द यायची वाट बघत बसतं, लोकांना वाटतं हँग झालं. हँग नाही, तुमची वाट बघतंय.

तसंच -ए ३ द्यायला विसरलं आणि मास्क दिला तर ते मास्कलाच फाइलचं नाव समजतं आणि 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणतं. ही एरर मला चांगली वाटते, स्वच्छ आहे, लगेच कळतं.

इथपर्यंत जे लिहिलं त्या सगळ्यात काहीतरी दिसतं तरी, लाल अक्षरं येतात किंवा स्क्रीन थांबतो, माणूस शोधाशोध करतो आणि तासाभरात मार्गी लागतो. ऑडिटवाल्याने खरी काळजी करायची ती वेगळ्या गोष्टीची. कमांड सिंटॅक्सने बरोबर आहे, हॅश लोड झाले, पंखा जोरात फिरतोय, शेवटी स्टेटस 'एक्झॉस्टेड', म्हणजे दिलेले सगळे अंदाज तपासून संपले, रिकव्हर्ड शून्य, आणि आपण रिपोर्टमध्ये लिहितो की एकही पासवर्ड फुटला नाही, सगळे मजबूत. आणि ते साफ खोटं असू शकतं.

उदाहरण घ्या, एमडी५ आणि एनटीएलएम. दोन्ही ३२ अक्षरांचे, दोन्हीत ० ते ९ आणि ए ते एफ. बघून सांगताच येत नाही कुठला कुठला आहे. विंडोजच्या सर्व्हरवरचे हॅश -एम ० देऊन चालवले तर हॅशकॅटला तक्रार करायला जागाच नाही, ते इमानदारीत सगळी यादी एमडी५ करून तपासणार आणि काही सापडणार नाही, जरी त्यातला प्रत्येक पासवर्ड १२३४५६ असला तरी. जुन्या व्हर्जनांमध्ये -एम विसरलं तर ते एमडी५ च धरून चालायचं. ६.२ पासून -एम न देता चालवलं तर ते स्वतः ओळखायचा प्रयत्न करतं आणि एकापेक्षा जास्त प्रकार जुळले तर त्यांची यादी दाखवून थांबतं, तुम्हीच सांगा म्हणतं. हे मला या टूलमधलं सगळ्यात प्रामाणिक वागणं वाटतं. डबल हायफन आयडेंटिफाय देऊनही तीच यादी मिळते. त्यातला कुठला हे शेवटी हॅश कुठून आले ते माहीत असलेल्या माणसानेच ठरवायचं, विंडोज सर्व्हरवरून आले असतील तर १०००, वेबसाइटच्या डेटाबेसमधून आले असतील तर ज्याने साइट बनवली त्याला फोन करा.

मास्कची लांबी हा दुसरा गप्प खड्डा. डी आठ वेळा दिला म्हणजे बरोबर आठ आकडी, सहा आकडी पासवर्ड त्यात येत नाही, सात आकडीपण नाही. 'आठपर्यंत' असं हवं असेल तर -आय म्हणजे इन्क्रिमेंट द्यायचं, आणि हवं तर इन्क्रिमेंट-मिन, इन्क्रिमेंट-मॅक्स. कितीतरी जणांना वाटतं की मोठ्या मास्कमध्ये छोटे आपोआप येतात. कॅपिटल ओ चंही तसंच, स्पीड मिळतो पण पासवर्डच्या लांबीवर मर्यादा येते, त्याहून लांब शब्द यादीतून वगळले जातात, स्टेटसमध्ये 'रिजेक्टेड' च्या पुढे आकडा दिसतो, तो शून्य नसेल तर विचार करा.

आणि टेस्टसाठी स्वतः हॅश बनवताना इको वापरत असाल तर -एन द्या. नाहीतर शेवटी न्यूलाइन चिकटते आणि हॅश 'गोवा' चा न राहता 'गोवा आणि एंटर' चा होतो, मग जन्मात सापडणार नाही आणि मोड बरोबर असूनही तुम्ही मोडवर संशय घेत बसाल.

म्हणून माझ्या ऑफिसात नियम केलाय आणि तो मी कोणालाही मोडू देत नाही: खऱ्या हॅशच्या फाइलमध्ये त्याच प्रकारचा, पासवर्ड माहीत असलेला एक हॅश घालायचा, म्हणजे क्लायंटच्या ॲडमिनला एक टेस्ट अकाउंट उघडायला लावायचं, त्याला यादीत नक्की असलेला पासवर्ड द्यायचा, आणि तो हॅश बाकीच्यांबरोबरच येऊ द्यायचा. रन संपल्यावर तो फुटला नसेल तर अख्खा रन रद्द, रिपोर्ट लिहायचा नाही. तसं अकाउंट मिळत नसेल तर निदान हॅशकॅटच्या स्वतःच्या नमुन्यांवर मोड तपासून घ्या, एक्झाम्पल-हॅशेस हा ऑप्शन प्रत्येक मोडचा नमुना हॅश दाखवतो, आणि त्यांच्या विकीवरच्या नमुन्यांचा पासवर्ड, वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, 'हॅशकॅट' हाच आहे. मास्क बरोबर आहे का ते बघायला डबल हायफन एसटीडीआउट, हॅशची फाइल काढून टाकायची आणि फक्त मास्क द्यायचा, ते जे शब्द बनवणार आहे ते स्क्रीनवर ओतून दाखवतं. पहिल्या वीस ओळी बघितल्या तरी कळतं आपण काय मागितलंय आणि ते काय समजलंय. हा ऑप्शन मला इतका उपयोगी वाटतो की नवीन माणसाला मी हॅश सोडून आधी हाच शिकवतो.

आता आपल्या इथलं. परदेशी याद्या आणि तयार मास्क घेऊन गोव्यातल्या ऑफिसचं ऑडिट केलं तर ते अर्धवटच होणार, कारण लोक पासवर्ड आपल्या भोवतालच्या गोष्टींवरून ठेवतात. मोबाइल नंबर बघा, दहा आकडे म्हणून डी दहा वेळा दिला तर १००० कोटी होतात, पण आपल्याकडे नंबर ६, ७, ८, ९ नेच सुरू होतो, म्हणून -१ ऑप्शनमध्ये ६७८९ देऊन मास्कमध्ये आधी प्रश्नचिन्ह १ आणि मग डी नऊ वेळा, झाले ४०० कोटी. एनटीएलएमवर साध्या गेमिंग लॅपटॉपलाही हे फार काम नाही. गोव्यातला पिनकोड ४०३ नेच सुरू होतो, म्हणजे ४०३ आणि पुढे डी तीनदा, फक्त हजार. गाडीचा नंबर, जीए, दोन आकडे, एक कॅपिटल अक्षर, चार आकडे, सगळे मिळून २ कोटी ६० लाख, लोकांना वाटतं अक्षरं-आकडे मिसळलेत म्हणजे मजबूत, तर तसं काही नाही. मास्कमध्ये जीए सरळ लिहायचं, प्रश्नचिन्ह न लावता, प्रश्नचिन्ह नसलेलं अक्षर ते जसंच्या तसं घेतं.

गावांची नावं, देवळांची नावं, फुटबॉल क्लबांची नावं यांची एक यादी मी हळूहळू जमवली आहे, आणि त्यात मुख्य काम स्पेलिंगचं आहे, पणजी, पंजिम, मडगाव, मारगांव, म्हापसा, मापुसा, जेवढी इंग्रजी स्पेलिंगं प्रचारात आहेत तेवढी सगळी टाकायची. मग -ए ६, आधी ही यादी आणि मागे कोटात ॲट चिन्ह आणि डी तीनदा किंवा चारदा. मंगेशी ॲट १२३, शांतादुर्गा ॲट १९६१ असले पासवर्ड यात सापडतात. इथेही क्रम लक्षात ठेवा, ६ मध्ये यादी आधी मास्क नंतर, ७ मध्ये मास्क आधी यादी नंतर, ६ लिहून उलटं दिलं तर ते मास्कच्या नावाची फाइल शोधायला जातं.

देवनागरीत पासवर्ड ठेवणारे थोडे, पण आहेत, आणि त्यांच्यासाठी प्रश्नचिन्ह ए उपयोगाचा नाही, त्यात फक्त इंग्रजी कीबोर्डवरची ९५ चिन्हं येतात. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५. हेक्स-चारसेट ऑप्शन लावून -१ ला ई०, -२ ला ए४ए५ दिलं की पहिल्या दोन बाइटचा फाफटपसारा वाचतो. काना-मात्राही वेगळं अक्षर म्हणून मोजली जाते हे धरून चला, म्हणजे दिसायला दोन अक्षरी शब्द बाइटमध्ये बाराचा निघू शकतो.

स्पीडबद्दल एकच सांगतो कारण त्याशिवाय रिपोर्टला अर्थ नाही. आरटीएक्स ४०९० कार्डावर एनटीएलएमचा वेग सेकंदाला साधारण २८ हजार ८०० कोटी आहे, त्यामुळे आठ अक्षरी पासवर्डाची सगळीच्या सगळी ९५ चिन्हांची कॉम्बिनेशन्स साडेसहा तासांच्या आत संपतात. त्याच कार्डावर बीक्रिप्ट, तोही अगदी हलक्या सेटिंगचा, सेकंदाला १ लाख ८४ हजार. कोटी नाही, लाख. म्हणून बीक्रिप्टवर एनटीएलएमसारखा मास्क लावून बसू नका, छोटी यादी आणि बेताचे रूल, म्हणजे यादीतल्या शब्दांत फेरफार करायचे नियम.

आपल्या पावसाळ्यात आणखी एका ऑप्शनची सवय लावून घ्या, सेशन. जून-जुलैत लाइट कधी जाईल नेम नाही, लांब रन लावताना सेशनला नाव द्या, मग लाइट आल्यावर फक्त हॅशकॅट, सेशन आणि ते नाव, आणि रिस्टोअर. बाकी काही लिहायचं नाही. पुष्कळ जण जुनी अख्खी कमांड परत लिहून शेवटी रिस्टोअर जोडतात, ते चूक, जुनी कमांड रिस्टोअर फाइलमध्ये ठेवलेलीच असते. आणि मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत लॅपटॉपवर चालवत असाल तर ९० डिग्रीला ते स्वतःहून थांबतं, तो डिफॉल्ट आहे, वाढवू नका, खोली बदला.

'नो डिव्हाइसेस फाउंड' आलं तर सिंटॅक्सकडे बघू नका, तो ड्रायव्हरचा प्रश्न आहे. व्हर्च्युअलबॉक्समधल्या कालीला तुमचं ग्राफिक्स कार्ड दिसत नाही, थेट विंडोजवर चालवा किंवा लिनक्स इन्स्टॉल करा. कॅपिटल आय दिल्यावर त्याला कुठली डिव्हाइस दिसतायत ते कळतं. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ इथे फोर्स लावायला सांगतात. नका लावू. फोर्स लावल्यावर हॅशकॅट स्वतःच लिहून दाखवतं की यामुळे गंभीर प्रॉब्लेम झाकले जाऊ शकतात आणि फोर्स लावून आलेले प्रॉब्लेम आम्हाला कळवू नका. ऑडिटमध्ये झाकलेला प्रॉब्लेम म्हणजे पुन्हा तेच खोटं एक्झॉस्टेड.

जॉन द रिपरशी तुलना लोक विचारतात. जॉन १९९६ पासूनचा, ओपनवॉलचा, आणि कमांडच्या बाबतीत नवशिक्याला जॉन सोपा, फॉरमॅटला आकड्याऐवजी नाव असतं, एनटी, रॉ-एमडी५ वगैरे, आणि संशय असेल तर तो वॉर्निंग देतो की हे दुसऱ्या प्रकारचंही असू शकतं. झिप, पीडीएफ, ऑफिस, कीपास यांच्यातून हॅश काढायची त्याची छोटी टूल्स तर हॅशकॅटवाल्यालाही लागतातच. मी दोन्ही ठेवतो, ओळखायला आणि काढायला जॉन, फोडायला हॅशकॅट.

शेवटी पॉटफाइल, म्हणजे फुटलेले हॅश आणि त्यांचे पासवर्ड हॅशकॅट आपणहून जमा करतं ती फाइल. एकदा फुटलेला हॅश परत चालवला की हॅशकॅट काहीच करत नाही, म्हणतं सगळे पॉटफाइलमध्ये आहेत, शो वापरा. बंद पडलेलं नाही, आधीच फुटलेल्यावर ते परत वेळ घालवत नाही. त्याच -एम सकट आणि त्याच फाइलसकट शो द्या, युजरनेम असलेली फाइल असेल तर युजरनेम ऑप्शनही तसाच ठेवा, म्हणजे कोणाचा कुठला ते समोर येतं. पण ती पॉटफाइल म्हणजे एका ऑफिसच्या माणसांचे खरे पासवर्ड साध्या अक्षरांत, आणि ती तुमच्या डिस्कवर तशीच पडून राहते, पुढच्या क्लायंटचे त्यातच जमा होतात. म्हणून प्रत्येक कामाला पॉटफाइल-पाथ देऊन वेगळी फाइल, ती एन्क्रिप्टेड पेनड्राइव्हवर, निकालाची आणि सेशनची फाइलही तिथेच, आणि रिपोर्टमध्ये पासवर्ड छापायचे नाहीत, फक्त कुठल्या अकाउंटचा फुटला आणि कुठल्या पद्धतीने. रिपोर्ट दिला, लोकांनी पासवर्ड बदलले, क्लायंटच्या ॲडमिनने तसं लिहून दिलं, की त्याच्यासमोरच तो पेनड्राइव्ह पुसायचा.